गॅस गीझर आणि आईची आंघोळ

धायरीतल्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथे विजेचा काही नेम नसायचा. बंबातल्या कढत पाण्यावर वाढलेल्या माझ्या आईला कोमट पाणी म्हणजे अपमान वाटायचा. म्हणून आम्ही गॅसवर चालणारा गीझर घेतला. सिलिंडर ड्राय बाल्कनीत, गीझर बाथरूमच्या भिंतीवर, आणि मधल्या भिंतीला भोक पाडून त्यातून ओवलेली नारिंगी रबरी नळी, अशी जोडणी झाली.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दिवसभर हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका हुडकायच्या. त्यात माझा स्वभाव असा, की कुठेही काही बिघडलं तरी ते आपल्यामुळेच बिघडलं असं मला आधी वाटतं. गीझर जोडणारा माणूस गेल्यावर मी वाटीत साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने नळीच्या प्रत्येक सांध्याला लावलं. गॅस गळत असेल तर तिथे बुडबुडे येतात. आले नाहीत. तरी मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघण्याआधी पुन्हा वाटी, पुन्हा ब्रश.

आई शाळेतून निवृत्त झालेली, पण आवाज अजून वर्गातलाच. ती दारात येऊन उभी राहिली.

"नळीला रोज आंघोळ घालतोस. स्वतः कधी करणार?"

"गळला तर काय करशील, आई?"

"वास येईल. नाक आहे मला. चांगलं लांब आहे."

जोडणाऱ्याने जाताना एक गोष्ट बजावली होती, की बाथरूमची खिडकी कायम उघडी ठेवा. पण आईचं आणि वाऱ्याचं जुनं वैर. खडकवासल्याकडून सुटलेला वारा दुसरीकडे कुठेही न थांबता थेट तिच्या मानेवर येतो, असं तिचं ठाम मत होतं. खिडकीच्या काचांच्या पट्ट्यांमध्ये ती जुना टॉवेल कोंबायची. मी काढायचो, दुसऱ्या दिवशी तो परत तिथेच.

"वाळत घातलाय," ती म्हणायची.

शेवटी मी नाद सोडला. नळीचे सांधे घट्ट आहेत म्हणजे सगळं ठीक आहे, अशी माझी समजूत होती.

मग त्या घरातली पहिली दिवाळी आली. माझा भाऊ बायकामुलांना घेऊन नाशिकहून आला होता. पहिल्या आंघोळीचा आमच्याकडचा नियम असा, की सगळ्यांना तेल-उटणं आई लावणार, आणि ते सगळ्यांचं उरकल्यावरच ती स्वतः शेवटी आंघोळीला जाणार. पहाटेपासून एकामागून एक जण आत जात होता. गीझर विझायला उसंत नव्हती, आणि थंडीमुळे त्या दिवशी टॉवेलबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. माझीसुद्धा.

सगळ्यात शेवटी आई गेली.

आंघोळ करताना ती बोलत असते. साबण पाण्यात कोणी ठेवला, उटणं कोणी सांडलं, याची झडती आतूनच चालते. त्या दिवशीही सुरू झाली आणि मग मध्येच थांबली. खरं सांगतो, मला आधी बरंच वाटलं. मग लक्षात आलं, की तांब्याचाही आवाज येत नाहीये. नुसता नळ वाहतोय.

"आई?"

मी दारावर थापा मारायला लागलो. माझी बायको धावत आली. "आई, कडी काढा! आई!"

किती वेळ गेला कोण जाणे. कडी सरकली. अंगाभोवती कसंबसं लुगडं गुंडाळून, चौकट धरून आई उभी होती.

"ओरडताय काय? डोकं फिरतंय जरा. उपाशीपोटी तुम्हा सगळ्यांना रगडत बसले, दुसरं काय."

मी गीझर बंद केला, टॉवेल उपसून काढला आणि तिला धरून गॅलरीत नेलं, तिच्या नावडत्या वाऱ्यात. शेजारच्या इमारतीतले डॉक्टर नव्या झब्ब्यातच आले. टॉवेलचं ऐकून ते बाथरूममध्ये डोकावले आणि म्हणाले, "गॅस गळत नव्हता हो. नीट जळतच होता. पण जळायला हवा लागते. खिडकी बंद, त्यात इतका वेळ चालू. आतली हवा संपत आली की विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो. यांना लगेच दवाखान्यात घेऊन चला."

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. मी पलंगाशी उभा राहून म्हणत होतो, चूक माझी, टॉवेल मी काढायला हवा होता. तिने मास्क बाजूला केला आणि नर्सला म्हणाली, "अहो, हा आधी याला लावा. रंग याचाच उडालाय."

संध्याकाळी ती घरी आली आणि आल्याबरोबर चकल्या कोणी संपवल्या याची चौकशी झाली.

दिवाळी उलटताच जोडणाऱ्याला बोलावून गीझर उघड्या ड्राय बाल्कनीत हलवला. आता गॅसची आखूड नळी बाहेरच, बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप. आईने नव्या जोडणीतही खोट काढली. पाणी लांबून येतं म्हणून आधी गार पाणी वाहून जातं. ते बादलीत धरून ती कुंड्यांना घालायची आणि मला ऐकवायची, "माझा जीव वाचला म्हणून जास्वंदीला सर्दी." आता खिडकी लावून घेतली तरी धोका नव्हता, पण हे मी बरेच महिने तिला सांगितलं नाही. आंघोळ करताना ती मधूनच आतून ओरडायची, "आहे रे!" मी विचारलं नसताना.

पुढच्या दिवाळीला मी म्हटलं, "आई, या वर्षी पहिली आंघोळ तुझी."

"आणि मला तेल कोण लावणार?"

हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणाला पडला नव्हता. मी वाटी घेतली. ती पाटावर बसली, अविश्वासाने मान थोडी पुढे करून. मी तिच्या विरळ केसांत जपून, बोटांच्या टोकांनी तेल टेकवत राहिलो.

"तेल लावतोयस की साबणाचं पाणी?" ती म्हणाली. "बुडबुडे बघत बसू नकोस. जोर लाव."