पायाळू तानुबाईंचा अंगठा

आमच्या सासूबाई, तानुबाई, पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. त्यांचा कारभार आजही त्याच क्रमाने चालतो, हे मी सून म्हणून सांगते.

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खावी, हा आमच्या चाकणकडचा जुना इलाज. पूर्वी पेंढ्या उचलून उसण भरायची, आता कंपनीत पेट्या उचलून भरते. शिफ्ट सुटली की धडधाकट माणसं आमच्या ओट्यावर पालथी पडायची आणि सासूबाई पदर खोचून डाव्या पायाने त्यांना लाथा घालायच्या. एकदा एक मॅनेजरही आला होता. त्याला त्यांनी जरा मन लावून मारली.

मग गेल्या वर्षी धान्याचं पिंप सरकवताना त्यांच्याच कंबरेत कळ आली. दोन-चार दिवसांत डावं पाऊल लोंबायला लागलं. चप्पल निसटायची, त्यांना कळायचंही नाही. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला.

"पायाळूच दवाखान्यात गेली म्हून गावभर व्हईल. लाथंनं जाईल ते."

पण स्वतःच्या पाठीत स्वतःची लाथ बसणार कशी? दुसरी पायाळू म्हणजे माण गावची गोजाबाई, आणि खरी पायाळू कोण यावरून दोघींचं जुनं वाकडं. शेवटी तोंडावर पदर ओढून सासूबाई माझ्या स्कूटीवर बसल्या. गोजाबाईने पदरासकट ओळखलं. "ये तानू, पड पालथी," म्हणाली आणि इतक्या वर्षांचा राग एका लाथेत काढला. परतीच्या वाटेवर सासूबाईंच्या पायाचा अंगठा पार बधिर झाला. मला दोघींचाही असा संताप आला की मी स्कूटी घरी न नेता थेट चिंचवडच्या दवाखान्यात नेली.

तिथल्या डॉक्टर मैत्री, पिंपळे गुरवच्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी रबरी हातोडीने गुडघ्याखाली टक् केलं आणि सासूबाईंचा पाय टुणकन उडाला. डॉक्टर थोडक्यात वाचल्या.

"म्या न्हाई मारली," सासूबाई घाबरून म्हणाल्या.

"माहितीये आजी. ही तुमच्या मज्जारज्जूने मारली. गुडघ्याकडून खबर पाठीतल्या त्या दोरीपर्यंत गेली आणि तिथूनच हुकूम परत आला. मेंदूला विचारलंच नाही."

"म्हंजी लाथ माराया डोकं लागत न्हाई?"

"या लाथेला नाही लागत."

सासूबाईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

पण "अंगठा वर करा" म्हटल्यावर अंगठा काही हलेना. डॉक्टरांनी टेबलावरचा मणक्यांचा सांगाडा पुढे ओढला. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू, करंगळीएवढा जाड, मणक्यांच्या पोकळीतून खाली येतो. पाय हलवायचे हुकूम त्यातून उतरतात आणि खडा टोचला, चटका बसला, ही खबर त्यातूनच वर जाते. कंबरेशी आला की तो संपतो. त्याखाली नुसत्या नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटीसारखा. सासूबाईंच्या मणक्यांमधली गादी सरकून त्यातल्याच एका नसेवर बसली होती, नेमकी अंगठ्याकडे जाणाऱ्या.

मग मी लाथांचा सगळा प्रकार सांगितला. "आणि वरून लाथ!" डॉक्टर ओरडल्या, तेही माझ्यावर. ऑपरेशन लगेच करायचं, पाऊल पूर्ववत होईलच अशी खात्री नाही आणि लाथा मारणं कायमचं बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ऑपरेशन झालं. रोज डॉक्टर म्हणायच्या, "अंगठा उचला." सासूबाई दातओठ खायच्या, अंगठा ढिम्म. गावाला बोलून बेजार करणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली.

"अनिता, पायच गेला तर मी कोन गं?"

 मी त्यांचा अंगठा हातात धरून चोळत बसले.

एके दुपारी वॉर्डात गोजाबाई आली. कंबरेतून वाकलेली, एक हात पाठीवर.

"तानू, उसण भरलीया. तुज्याबिगर कुनाकडं जाऊ?"

"लाथ बंद हाय माजी."

"लाथ कुटं मागतीया? नुसता अंगठा लाव."

सासूबाईंना मी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवलं. गोजाबाई कण्हत खाली फरशीवर बसली आणि तिने अगदी अंगठ्याजवळ पाठ आणली. सासूबाईंच्या कपाळावर घाम आला. किती वेळ गेला कोण जाणे, अंगठा हलला. हलला म्हणजे, तिच्या लुगड्याला लागला न लागला एवढाच.

"गेली की गं!" गोजाबाई ओरडली आणि ताठ उभी राहिली. "खरी पायाळू तूच. उगंच जळले मी."

सासूबाई लेकरासारख्या रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी गोजाबाईला वजन कमी करायला सांगितलं.

मी तिला रिक्षापर्यंत सोडायला निघाले. वॉर्डाचं दार मागे लागलं तशी ती भिंत धरून वाकली आणि विव्हळली.

"मावशी, उसण गेली ना?"

"कुटली जातीया! पन अंगठा लागला, त्ये खरं हाय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आता तुजी ती डाक्टरीण कुटं बसती, तिकडं ने मला. आन् तानूला कळू देऊ नगंस."