परडी कुणी घ्यायची

पहिल्यांदा मला वाटलं, गिरणीची मोटार तापली. आमच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे आणि ती मीच चालवते. नवऱ्याचा जीव शेतात. शिवाय पीठ नाकात गेलं की त्यांना शिंका आवरत नाहीत. ऐन थंडीचे दिवस होते. आमच्या घोडेगावच्या बाजूला थंडी पडली की बाजरीची दळणं वाढतात. मी बाजरी टाकत होते आणि छातीतून काहीतरी वर चढायला लागलं. आधी गळा, मग कान, मग डोक्याची कातडी. मोटारीला हात लावून पाहिला, ती नेहमीसारखीच. पेटले होते ती मीच. मानेवर घाम फुटला, त्यावर उडालेलं पीठ बसलं आणि त्याची खळ झाली. दळणाला आलेली शेजारीण शालीत गुरफटून उभी होती, ती माझ्याकडे बघतच राहिली. थोड्या वेळानं सगळं ओसरलं आणि ओल्या ब्लाउजात मला हुडहुडी भरली.

मग ते कुठंही, केव्हाही यायला लागलं. भाकरी थापताना, एसटीत, किराणा दुकानात. आधी छातीत धडधड, मग विनाकारण भीती, कुणीतरी गेल्याची बातमी आता येणारच अशी, आणि मग आग. घामाचं काय, पुसता येतो. भीती पुसता येत नाही. पाळीही महिना-महिना चुकत होती, पण या दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्याच नाहीत. मुलीला पाळी येते तेव्हा अख्ख्या भावकीला ठाऊक होतं. बाईची जाते तेव्हा कुणी विचारत नाही. पित्त असेल म्हणून मी धने-जिऱ्याचं पाणी प्याले, बीपी असेल म्हणून मीठ सोडलं. नवरा म्हणाला, "तुजा पारा पयल्यापासूनच चढल्याला हाय." मी म्हणाले, "तुमच्यासंगं संसार केल्यावर दुसरं काय चढनार?"

आम्ही हसण्यावारी नेत होतो. सासूबाई मात्र हसत नव्हत्या.

त्या बघत होत्या. मला घाम फुटला की त्यांच्या हातातली निवडायची डाळ तशीच राहायची. ओठ हलायचे, आवाज नाही. "काय झालं, आत्याबाई?" विचारलं तर "काय न्हाई." आणि संध्याकाळी दिवा लावताना त्यांची नजर देवापेक्षा देव्हाऱ्याखालच्या फळीवर जास्त वेळ थांबायची.

त्या फळीवर परडी होती. वेताची लहान टोपली, आत कवड्यांची माळ आणि हळदीकुंकू. परडी आजेसासूंची, म्हणजे सासूबाईंच्या सासूची. त्यांच्या अंगात देवी यायची. ज्या बाईकडे परडी, तिनं मंगळवारी-शुक्रवारी दारोदार जोगवा मागायचा, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि जाताना ती घरातल्या पुढच्या बाईच्या हाती सोपवायची. आजेसासू गेल्या तेव्हा सोपवायला कुणी नव्हतं. सासूबाईंच्या अंगात देवी कधी आलीच नव्हती. परडी फळीवर राहिली आणि पुढच्याच वर्षी माझा धाकटा दीर विहिरीवरची मोटार चालू करायला गेला तो शॉक लागून जागीच गेला. त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली होती. तेव्हापासून घरात काहीही वाकडं झालं, म्हैस मेली, विहीर आटली, मला एका मुलीनंतर मूल राहिलं नाही, की सासूबाईंचं एकच, "परडी वाट बघती."

पुढच्या नवरात्रात व्हायचं ते झालं. अष्टमीच्या आरतीला शेजारच्या बाया आल्या होत्या. खोली लहान, माणसं दाटलेली, कापूर, धूप, दाराशी संबळ. माझा उपास, अंगावर नवी नायलॉनची साडी. ताट ओवाळता ओवाळता छातीत धडधडलं आणि मला कळलं, आली. ताट शेजारणीच्या हातात कोंबलं. खांद्यावरचा पदर ओढून काढला. अंबाडा मानेला चिकटला म्हणून पिना उपटल्या, तर केस मोकळे सुटले. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून खांब धरला आणि तिथंच हिंदकळायला लागले. आता तुम्हीच सांगा, बघणाऱ्यांनी काय समजावं?

"आली, देवी आली!" कुणीतरी ओरडलं. संबळाचा जोर वाढला. माझ्या कपाळावर मळवट भरला गेला. "बोल आई, काय पायजे तुला?" जिभेला कोरड पडली होती. मी म्हणाले, "पाणी." मला खरंच पाणी हवं होतं, ग्लासभर, प्यायला. सासूबाईंनी अख्खी कळशी माझ्या डोक्यावर ओतली.

आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं! आग विझत विझत पायांतून निघून गेली. मी डोळे मिटून लांब श्वास सोडला. चेहऱ्यावर हसूही आलं असणार. "शांत झाली बगा आई," बाया म्हणाल्या. याहून मोठा पुरावा कुणाला लागणार होता? डोळे उघडले तर सासूबाई माझ्या पायांवर डोकं ठेवून रडत होत्या. इतक्या वर्षांत ज्या बाईनं माझ्या चहाला कधी बरं म्हटलं नाही, ती. तेव्हा मला जी भीती वाटली ती धडधडीबरोबर येणारी नव्हती. ती ओसरलीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मला कुणी भांडी घासू देईना. एक दिवस मजा वाटली, खोटं कशाला बोलू. मग रोज दळणाच्या डब्यांबरोबर प्रश्न येऊ लागले. पोरीला स्थळ कधी येईल, बोअरला पाणी लागेल का, नवऱ्याची दारू सुटेल का. मी हात जोडून सांगायची, "बायांनो, मला गरम होतंय, बाकी काय न्हाई." त्या म्हणायच्या, "देवी आसंच बोलती." म्हणजे नाही म्हणायचीही सोय राहिली नाही. बोलता बोलता मला घाम फुटला की अख्खी रांग गप्प व्हायची आणि हात जुळायचे. मी पीठ चाळायचं निमित्त करून मोटारीमागं तोंड लपवायला लागले.

सासूबाईंनी कोजागरीच्या पौर्णिमेला माझ्या हाती परडी द्यायची ठरवली आणि भावकीत सांगूनही टाकलं. मी म्हणाले, "आत्याबाई, माज्यानं न्हाई व्हायचं हे."

"तुज्यानं न्हाई तर पोरीकडं जाईल," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुज्यामागं तिचीच हाय. तू घे न्हाईतर नको घिऊ."

माझी एकुलती एक मुलगी भिंगारला खोली करून नर्सिंग शिकत होती. माझ्यावर आलेलं मी रडत-हसत काढलं असतं. पण तिनं शिकून-सवरून जोगवा मागायचा? आणि नाही मागितला तर जन्मभर जे जे वाईट होईल ते तिच्या माथी. तिचं मूल आजारी पडलं तरी लोक त्या फळीकडे बोट दाखवणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे माझी पोर.

नवऱ्याशी बोलले. ते म्हणाले, "आईच्या मनासारखं करून टाक. काय जातंय आपलं?"

"पोरगी जाती."

त्यांनी देव्हाऱ्याखालच्या फळीकडे बघितलं. भावाला मोटारीपासून सोडवणारे तेच होते. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, त्या फळीची त्यांना भीती वाटत होती.

मी सकाळची एसटी धरून नगर गाठलं. मुलगी भिंगारहून स्टँडवर आली आणि तिच्यासमोरच मला पुन्हा तसं झालं. तिनं मला बाकावर बसवलं, मनगट धरून नाडी बघितली आणि विचारलं, "आई, पाळी कधी आलती?" माझ्या पोरीनं, एसटी स्टँडवर! मी लाजले, पण सांगितलं. तिनं मला तडक बायकांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं, बीपी पाहिलं, थायरॉइड आणि शुगरसाठी रक्त घेतलं. म्हणाल्या, ही पाळी जायची वेळ आहे. शरीरातले हार्मोन कमी-जास्त होतात आणि अंगाची गरमी सांभाळणारी व्यवस्था बिथरते. नायलॉन सोडा, सुती वापरा. चहा आणि तिखट कमी करून बघा. पाणी जवळ ठेवा. येतेय असं वाटलं की घाबरून पळू नका, बसा, हळू लांब श्वास घ्या. रोज चाला. फारच त्रास झाला तर औषधं आहेत, तपासून देता येतात. आणि पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर लगेच या. मी विचारलं, "म्हंजे मी येडी नाही ना झाले?" त्या हसल्या. मी तिथंच खुर्चीत रडले. मुलगी पाठीवरून हात फिरवत होती. तिला परडीचं मी काही कळू दिलं नाही.

घरी आले तेव्हा दुपार होती. सासूबाई पौर्णिमेसाठी ओल्या फडक्यानं एकेक कवडी पुसत होत्या. मी समोर बसले आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते सगळं सांगितलं. त्या पुसतच राहिल्या. मग मी विचारलं, "आत्याबाई, तुमची पाळी गेली तवा तुमाला आसं न्हवतं का हुत?"

त्यांचा हात थांबला.

"हुत हुतं," त्या म्हणाल्या. "तुज्यापरीस लई. म्हातारी बगायची माज्याकडं. मला कळायचं, आता परडी माज्या हातात दिती का काय. मला नको हुती गं. दोन ल्योक, गुरंढोरं, दारोदार कोन फिरंल? मंग मी लपायची. आग सुटली की रांजणामागं जाऊन बसायची, पदर तोंडात कोंबून. म्हातारी हाका मारायची, मी ओ देत न्हवते."

मला आठवलं. नवी सून असताना मी त्यांना रांजणामागं बसलेलं पाहिलं होतं. मला वाटलं होतं, सासू कामचुकार आहे.

"देवी माज्याकडं आली हुती," त्या म्हणाल्या. "मी तिला माघारी लावली. म्हनून तिनं माजं पोरगं नेलं."

मला एकदम उजाडल्यासारखं झालं. हे ओझं तर मी आत्ता उतरवू शकत होते! मी त्यांचा गुडघा धरून म्हणाले, "आत्याबाई, ती देवी न्हवती. वय हुतं. माजंबी वयच हाय. भावजी शॉक लागून गेले. वायर उघडी पडली हुती, सगळ्यांनी बगितली. तुमच्यापायी न्हाई गेले ते."

"माज्यापायी न्हाई गेलं?"

"न्हाई."

"मंग कशापायी गेलं?"

मी त्यांचा गुडघा सोडला.

"उगंच?" त्या म्हणाल्या. "माजं पोरगं उगंच गेलं म्हनतीस?"

कवड्या त्यांच्या मांडीवर पडून होत्या. मी खुशखबर घेऊन आले होते आणि आता ती कुठं ठेवावी ते मला कळत नव्हतं. त्यांनी पुन्हा फडकं उचललं. पौर्णिमेपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

पौर्णिमेच्या सकाळी भावकी जमली. सगळ्यांसमोर नाही म्हणायचं, मग घर मोडलं तरी चालेल, असं मी ठरवलं होतं. हात पदराखाली घट्ट धरून उभी राहिले. सासूबाई परडी घेऊन माझ्यासमोर आल्या. माझ्या छातीत धडधडायला लागलं, नेमकं तेव्हाच, आणि कपाळावर घाम डवरला. बायांनी हात जोडले. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदराच्या टोकानं माझं कपाळ पुसलं.

"हिला वयाचं हाय," त्या वळून म्हणाल्या. "डाक्टरनं सांगितलंय." आणि माळ उचलून त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातली.

"आगं, या वयात?" चुलतसासूबाई ओरडल्या.

"माज्याकडंच आली हुती ती. माजीच हाय. माज्यासंगं जाईल. माज्यामागं कुनाची न्हाई."

माझी गरमी अजून पूर्ण गेलेली नाही. आली की गिरणी बंद करते, बसते, श्वास मोजते, गिऱ्हाइकं थांबतात. मंगळवारी सासूबाई गुडघे धरत उठतात आणि परडी घेऊन निघतात. पहिला जोगवा आमच्याच दारात मागतात. मी ओंजळभर पीठ घालते, पाया पडते. त्या आशीर्वाद द्यायच्या आधी हळूच विचारतात, "पोरीचा फोन आलता का? बरी हाय ना?" मी हो म्हटल्यावरच पुढच्या दाराकडे जातात.