इलाकाकूंचे दगडातले पेशंट

निहार एअरपोर्टवरून घरात शिरला आणि चहाच्या आधीच म्हणाला, "आई, उद्या एजंट येतोय. घर विकायला लिस्ट करून टाकू." काकूंना विचारलं होतं का कुणी? छे! तिकडे दूर अल्फारेटातल्या त्याच्या घरी काकूंसाठी खालची बेडरूम म्हणे रंगवूनसुद्धा झाली होती.

इलाकाकूंचं डोकंच फिरलं. इथे पिस्कॅटवेत त्यांनी उभी हयात दातांचा दवाखाना चालवला. रिटायर झाल्यावर गप्प बसतील तर त्या इलाकाकू कसल्या! युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये व्हॉलंटियर झाल्या. अलास्काच्या पार उत्तरेकडून, डायनोसॉर हिंडत होते त्या काळातले जीवाश्म झालेले मासे तिथे दगडासकट येतात. मायक्रोस्कोपखाली सुईनं दगड कणाकणानं टोकरायचा आणि मासा मोकळा करायचा. दातांच्या डॉक्टरला याहून गोड काम कोणतं? "हे पेशंट कुरकुरत नाहीत," असं त्या भेटेल त्याला सांगायच्या.

पण हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता आणि निहारला ते व्हिडिओ कॉलवर दिसलं होतं.

"एकटी कशी मॅनेज करणार तू? आणि ते दगडांचं काम तर बंदच कर."

"आधी चल माझ्याबरोबर," काकू कडाडल्या. "बघ, मग बोल."

लॅबमध्ये त्यांनी कोपर वाळूच्या पिशवीवर टेकवलं आणि सुई उचलली. बोटभर मासा, पण जबड्यातले दात शाबूत. निहार श्वास रोखून बघत होता. आणि नको तेच झालं. हात हलला, शेपटीचा तुकडा टचकन उडाला.

"बघितलंस?" निहार हळूच म्हणाला.

मेला हात! रडूच यायचं, पण डोळे पुसायलाही तोच हात. त्यांनी चिमट्यानं तुकडा उचलला, गोंदाचा थेंब लावला आणि जागेवर दाबून धरला. तो घट्ट बसल्यावरच त्यांनी मान वर केली.

"तुटलं. चिकटवलं. इथल्या स्टुडंट्सच्या हातूनही तुटतं, त्यांना कुणी घरी नाही बसवत." मग त्या लॅब सांभाळणाऱ्या राधिकाकडे वळल्या. "कपाटातला तो मोठा दगड कुणी घेत नाहीये ना? दे इकडे."

"काकू, त्याला दोन वर्षं तरी लागतील."

"लागू देत की!" काकूंनी लेकाकडे बघितलं. "त्या एजंटला फोन कर. दोन वर्षांनी ये म्हणावं. तेव्हाही मी नाहीच म्हणणार आहे."