मुहूर्ताची चिठ्ठी

टेनिसवाल्यांसारखे नमुने मी बाजार समितीतही पाहिले नाहीत. बाजारातला चोर निदान चोरासारखा वागतो. इथे सगळे पांढऱ्या चड्ड्या घालून एकमेकांना 'सर' म्हणतात आणि ज्याने तोंड उघडायला हवं तो नेमका त्याच वेळी गप्प बसतो.

मी पारोळ्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहिली आणि त्याच बाजारात पुढे कापसाचा व्यापारी झालो, सरकी काढायची जिनिंग गिरणी टाकली. मुलाला शिकायला धुळ्याला ठेवलं, तर तिथे त्याने रॅकेट धरली ती सोडलीच नाही. आता तो बावीस वर्षांचा आहे. चार वर्षं देशभर खालच्या पातळीच्या व्यावसायिक स्पर्धा खेळत फिरत होता. पात्रता फेरीत हरायचा, बॅग घेऊन परत यायचा. जागतिक क्रमवारीत नाव यायचं तर मुख्य ड्रॉमध्ये एक सामना जिंकावा लागतो. एक सामना, एक गुण. तेवढाच त्याला हवा होता. "या वर्षी नाही मिळाला तर जिनिंगवर येऊन बसतो, आबा," असं त्यानेच मला सांगितलं होतं. ते सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्यात जळगावला स्पर्धा आली. आयोजक समितीतले दोन डॉक्टर आणि एक बिल्डर माझ्याकडे मंडप मागायला आले. सचिव होते ते दातांचे डॉक्टर. मी म्हटलं, मंडप देतो, खुर्च्या देतो, मुलाला मुख्य ड्रॉमध्ये थेट घ्या.

"भाऊ, वाइल्ड कार्ड असं मागून मिळत नसतं," सचिव हसून म्हणाले.

"मग मंडपही मागून मिळत नसतो."

तिसऱ्या चहाला वाइल्ड कार्ड मिळालं. उठता उठता मी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली: ड्रॉची, म्हणजे कोणाशी कोण खेळणार त्या सोडतीची, पहिली चिठ्ठी मी काढणार. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुमचा मानच आहे भाऊ," सचिव म्हणाले. ते हसू मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आमच्याकडे कापसाची खरेदी सुरू होते त्या दिवशी जी गाडी पहिली काट्यावर लागते तिला नारळ फुटतो, शेतकऱ्याला टोपी-उपरणं मिळतं आणि भाव चढा मिळतो. तोच माल दुसऱ्या दिवशी आणला तर व्यापारी त्यात ओल शोधतो. पहिल्या गाडीसाठी लोक आदल्या दिवसापासून फाटकाशी बैल सोडून बसलेले मी पाहिलेत. पहिलं ते चांगलं, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

ड्रॉच्या दिवशी माझ्याच मंडपात माझ्याच खुर्च्यांवर बसून भाषणं झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी खिलाडूवृत्तीवर वीस मिनिटं घेतली. स्वतः दोन गेममध्ये धापा टाकणारा माणूस. मग बाहेरगावाहून आलेल्या पंच बाईंनी एकेक नाव दाखवून चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. माझ्या मुलाला क्रमवारीच नाही, म्हणून त्याची चिठ्ठी शेवटी. घाईत तिची घडी नीट बसली नाही, एक कोपरा वर उभा राहिला. बाईंनी डबा हलवला. कोपरा उभाच होता.

कापसाच्या ढिगात एक पिवळं बोंड असलं तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. मी हात घातला आणि तो कोपरा धरला.

मुलाचं नाव वाचलं गेलं तसं मी मंडपाकडे वळून चिठ्ठी उंच धरली. आणखी फोटो निघाले. टाळ्या मात्र वाजल्या नाहीत. मागे खेळाडूंमध्ये कोणीतरी "अरेरे" म्हणालं. मग बाईंनी फळ्यावर माझ्या मुलाचं नाव लिहिलं, अगदी वर, दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत अव्वल मानांकित खेळाडू आधीच बसलेला होता. चिठ्ठ्या वरून खाली लावत जातात. जी पहिली निघेल ती त्याच्या तोंडी.

मी सचिवांना मंडपामागे गाठलं. "पहिली चिठ्ठी एक नंबरसमोर जाते हे आधी सांगायला तोंडात बोळा कोंबला होता का?"

"भाऊ, चिठ्ठ्या तर बंद होत्या," ते थंडपणे म्हणाले. "पहिली कोणाची निघेल, हे कोणाला ठाऊक असणार?"

आयुष्यात मी कोणाचं उत्तर उधार ठेवलं नाही. त्या दिवशी ठेवलं. काय सांगणार होतो? मला ठाऊक होतं म्हणून?

मुलगा दोन सेटमध्ये हरला. चार गेम घेतले. तिसऱ्या ओळीत दुसरी चिठ्ठी गेली होती, ती बिल्डरांनी काढली. तो पोरगा शेजारच्या कोर्टवर रडतखडत खेळत होता. समोरच्याच्या पोटरीत गोळा आला, त्याने सामना सोडला, आणि याच्या नावावर गुण लागला. असा गुण! मी जाळीला धरून ते सगळं उभ्याने पाहिलं.

पंधरा दिवसांनी समितीने आभाराची भेट पाठवली: ड्रॉचा फोटो, सोनेरी चौकटीत. यांची अक्कल बघा. मुलानेच पुडकं फोडलं. फोटोत सचिव, बिल्डर, पंच बाई, सगळे कॅमेऱ्याकडे पाहून हसतायत. माझा हात डब्यात आहे.

त्यावर बोट ठेवून तो आमच्या बोलीत म्हणाला, "आबा, तुमना डोया तर डबाम्हांच शेतस."

खरंच, फोटोतले माझे डोळे डब्यातच होते. सचिवांना शिव्या देणार होतो, त्या तोंडातच राहिल्या.

"आणखी एक वर्ष खेळतो," चौकट भिंतीला टेकवून तो म्हणाला. "पण एक अट. मॅचला या. ड्रॉला यायचं नाही."

समोर अट आली की मी ती निम्म्यावर आणतो. ही होती तशी घेतली.