अलकाआत्या आणि दुपारी बंद पडणारं नेटवर्क

माझी आत्या अलकनंदा दिल्लीत, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकली आणि शहाण्णव साली नोएडात, कपडे निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात लागली. तेव्हा नोएडा म्हणजे नुसते सेक्टरांचे नंबर आणि धूळ; सावलीला झाड नाही. ऑफिसात नवेकोरे कॉम्प्युटर आले होते. सगळ्यांच्या फायली एकाच सर्व्हरवर, आणि केबल या टेबलावरून त्या टेबलाकडे माळेसारखी गेलेली. एक जोड सैल झाला की सगळी माळ बंद. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली आत्या एकटीच, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं. तिला ते आवडायचंही.

त्या उन्हाळ्यात नेटवर्क रोज दुपारीच बंद पडू लागलं. सकाळी ठणठणीत, जेवणं झाली की ठप्प. आत्यानं आधी सर्व्हरवर संशय घेतला, त्यातलं नेटवर्कचं कार्ड बदललं. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

मग तिनं केबल मधोमध सोडवली आणि सुट्या टोकाला टोपी बसवली; टोक उघडं राहिलं तर माळ चालायची नाही. सर्व्हरकडची अर्धी टेबलं लगेच चालू झाली. म्हणजे बिघाड पलीकडे. एकेक टेबल जोडत ती पश्चिमेच्या खिडकीपाशी आली. तिथं दाणीकाका बसायचे. जुने टायपिस्ट, तिच्याच बसनं येणारे, डब्यातली लसणाची चटणी तिच्यासाठी राखून ठेवणारे. त्यांचं टेबल भिंतीपासून तिरकं सरकलेलं होतं; केबल ताणून जोड सैल झाला होता.

"काका, टेबल तुम्ही सरकवता?"

काकांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ऊन येतं गं स्क्रीनवर. काही दिसत नाही. संध्याकाळी परत लावून ठेवतो."

"मग पडदा मागायचा ना."

"मागितला की विचारतील, बाकीच्यांना दिसतं, तुम्हालाच कसं दिसत नाही? मोतीबिंदू आहे, अलका. या मशिनी आल्यापासून तसाही मी जास्तीचाच झालोय."

आत्यानं मालकांना सांगितलं, केबल तोकडी पडते, लांब टाकावी लागेल. आणि खिडकीला पडदा हवा, उन्हानं मशिनी तापतात. दोन्ही खरंच होतं. काकांना मात्र तिनं बसमध्ये गाठलं. "शनिवारी डॉक्टरांकडे जायचं. मी येते सोबत." काकांनी बरेच आढेवेढे घेतले, पण गेले.

आत्या आता दिल्लीतल्या द्वारकेत राहते. घरात वायर म्हणून दिसत नाही. ती म्हणते, "तेव्हा बिघाड शोधायला प्रत्येकाच्या टेबलाखाली शिरावं लागायचं. कुणाच्या चपला झिजल्यात, कुणाचे पाय सुजलेत, सगळं कळायचं."

ऑपरेशननंतर दाणीकाका पहिल्यांदा बसमध्ये चढले, तो दिवस ती अजून सांगते. जाड चष्मा लावून ते खिडकीशी बसले होते आणि यमुनेचा पूल ओलांडल्यावर दिसेल ती पाटी मोठ्यांदा वाचत होते. सिमेंट, टायर, सेल, प्लॉट विकणे आहे. कंडक्टर हसत होता. आत्यानं त्यांना मुळीच थांबवलं नाही.