आप्पांच्या मातीला

आप्पा गेल्याची बातमी बायकोने आणली, रिकाम्या घागरीबरोबर.

"विहिरीवर फळ्या टाकल्यात," ती म्हणाली. "त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, आज बंद. उद्याचं विचारलं, तर आत निघून गेला."

आप्पा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे लिंगायत अडत व्यापारी. ओळख एवढीच, की मी नमस्कार करायचो आणि ते मान हलवायचे. माझ्याशी एकच वाक्य बोलले असतील. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा गुलालाची मिरवणूक गल्लीवरून गेली. ओट्यावर उभे राहून ती बघता बघता ते म्हणाले, "जिल्हा झाला. पाणी हाय तेवढंच."

पुढच्या दुष्काळात ते खरंही ठरलं. नव्या कचेऱ्यांवर पाट्या लागल्या, साहेब लोकांना गाड्या आल्या, आणि टँकर त्याच्या मर्जीने येत राहिला. गल्ली जगली ती आप्पांच्या विहिरीवर. मुलाला ते पसंत नव्हतं. "भाडेकरूंनी आपलं आपलं बघावं," असं तो आमच्यादेखत म्हणाला होता. आप्पांनी तेव्हाही मानच हलवली, फक्त आडवी. विषय संपला होता. आता तो पुन्हा सुरू होणार, हे गल्लीतल्या प्रत्येक घागरीला कळत होतं.

त्यात आम्ही बौद्ध. खोली घेताना कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. गावावरून पडलेलं आडनाव अशा वेळी कामाला येतं. मातीला गेलो नाही, तर मुलाच्या ते बरोबर लक्षात राहणार. जावं, तर आप्पांचे मेहुणे येणार. त्यांचं कंधारला कापडाचं दुकान, आणि माझे वडील कंधारच्या शाळेत मास्तर. मास्तर कुठल्या वस्तीतले, हे तिथल्या दुकानदाराला पाढ्यासारखं पाठ.

शेजारचे कंपाउंडर भिंतीवरून डोकावले. "साहेब, मातीला जाऊन राहिलात का? मग आंघोळीचं पाणी आधी बघा. आमच्याकडं मागू नका, सांगून ठेवतो."

"तुम्ही नाही येत?"

"माझा पाय लई दुखून राहिला."

"कालपर्यंत बरा होता."

"कालपर्यंत आप्पा होते ना!"

बायकोने रांजणात वाकून पाहिलं. "आपण सुतक पाळत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तसेच घरात शिरलात, तर गल्ली विचारणार, हे कुठले? आणि आंघोळ केलीत, तर लेक उद्या काय पिणार?"

"मग जाऊ नको?"

"तसं कुठं म्हणाले? त्यांचंच पाणी पितोय की अजून."

मी गेलो. मंडपात आप्पांना बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, मान पाठीमागच्या फळीला बांधलेली. त्या मानेकडे मला बघवेना. कुणी पुढारी येणार होते म्हणून सगळे थांबले होते. ते आले, आणि त्यांनी आप्पांना जिल्हानिर्मितीचे शिल्पकार केलं. जिल्हा झाल्यापासून लातुरात शिल्पकार फार झाले होते; त्यांच्यात एक मुका माणूसही खपून गेला. लाउडस्पीकरवाल्याने दोनदा "हॅलो" केलं. मी मेहुण्यांच्या नजरेआड, खांबामागे उभा होतो.

माती देताना मात्र खांब नसतो. आप्पांना खड्ड्यात बसवलं, बेलाची पानं वाहिली आणि एकेक जण पुढे होऊ लागला. मी ओंजळ भरून वाकलो, तोच मागून आवाज आला.

"तुम्ही कंधारच्या मास्तरांचे थोरले ना?"

मेहुणेच होते. मुलगा त्यांच्या शेजारी उभा होता. माती सोडावी की हात मागे घ्यावा, मला कळेना.

"हाव," मी म्हणालो, आणि माती सोडली.

"चेहरा वडलांचाच हाय," मेहुणे म्हणाले. मग ते मुलाच्या कानाशी लागले. काय बोलले ते भजनात ऐकू आलं नाही. मुलाने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि दुसरीकडे तोंड केलं.

परतताना सगळ्यांचा घोर एकच, आंघोळ. कुणी टँकरची चौकशी करत होता, कुणी सासुरवाडीला जायचं म्हणत होता. शेवटी एकाने मुलालाच विचारलं, हातपाय धुण्यापुरतं तरी विहिरीतलं मिळेल का?

"आमच्यात सुतक नसतंय," तो वैतागून म्हणाला. "आंघोळी कशाला? सरळ घरी जा."

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. लिंगायतांना सुतक नाही, हे माहीत असूनही मी दिवसभर घरातल्या पाण्याचा हिशेब मांडत बसलो. गल्लीही बसली. ज्यांच्यात विटाळच नाही, त्यांच्याच मातीला जाऊन.

घरी आलो, चप्पल काढली आणि आत गेलो. कंपाउंडर भिंतीवरून बघत होते. "साहेब, तसेच?"

"त्यांच्यात चालतं," मी म्हणालो. आपल्यात, असं म्हणायचं धाडस अजून नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायको घागर घेऊन निघाली. मी तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेलो, दाढी अर्धी ठेवून. मुलगा ओट्यावर, आप्पांच्याच जागी उभा होता. बायको त्याच्यासमोरून आत विहिरीकडे गेली. मी नमस्कार केला. त्याने हात जोडले नाहीत, मानही हलवली नाही. माझ्या तोंडावरच्या फेसाकडे तो बघत राहिला. मला वाटलं, आता बोलणार.

तेवढ्यात आत रहाट वाजला.

तो वळला आणि आत ओरडला, "दोर जुना हाय, बेतानं शेंदा!"