खंडेनवमीला उघडलेलं झाकण

श्री. भगवानराव मारकड यांची आणि माझी पहिली ओळख माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे झाली. गौरवग्रंथात असं लिहितात की नाही, मला ठाऊक नाही. भगवानरावांना, म्हणजे आमच्या तात्यांना, साठ वर्षं पूर्ण होत आहेत, तुम्ही लिहाच, असं संपादकांचं पत्र आलं. मी सातवी शिकलेला, लेथवर उभा राहणारा माणूस. तात्यांचे कचेरीतले सहकारी या ग्रंथात लिहितील, इंजिनिअर लिहितील, ते नीट लिहितील. मी घडलं तसं लिहितो.

तात्या निमगाव केतकीचे. वडील मेंढरं राखायचे, पुढे विहीर झाली आणि थोडी बागायत आली. तात्या शिकून मुंबईला पेटंट कचेरीत परीक्षक झाले. कुणी नवं यंत्र शोधून त्याचा हक्क मागितला, तर ते खरोखर नवं आहे का, हे कागदावरून तपासायचं, असं ते काम. त्यांच्याकडे डॉक्टरी यंत्रांचे अर्ज यायचे. एकसारख्या दिसणाऱ्या दोन कागदांत फरक कुठं आहे, ते तात्या लगेच ओळखायचे. कचेरीत कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, माझे वडील दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखायचे, माझ्यापुढं तर दोनच कागद आहेत.

मी कऱ्हाटीचा. तेव्हा बारामतीच्या एमआयडीसीत रणवरे मालकांच्या वर्कशॉपात टर्नर होतो. आम्ही फवारणीचे पंप आणि साखर कारखान्याचे सुटे भाग करायचो. मालकांच्या ओळखीचे पुण्याचे एक हृदयाचे डॉक्टर होते. मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक, लांब नळी हृदयापर्यंत सरकवून ते तपासणी करायचे. त्या नळीला कॅथेटर म्हणतात. हे सगळं एक्स-रेच्या यंत्राजवळ उभं राहून, अंगावर शिशाचा जड कोट घालून करायचं. ते म्हणाले, नळी यंत्रानं पुढं सरकली आणि फिरली, तर मी पडद्यामागं बसून काम करीन. दोन वर्षं आम्ही त्यामागं होतो. दोन रबरी रूळ, त्यांच्या चिमटीत नळी. एक मोटर रूळ फिरवून नळी पुढं-मागं करायची, दुसरी तिला जागेवर पीळ द्यायची. मालक त्याला रोबोट म्हणायचे. पेटंटच्या अर्जावर शोध लावणारे म्हणून डॉक्टर, मालक आणि मी, अशी तीन नावं जाणार होती. माझं नाव सरकारी कागदावर त्याआधी एकदाच आलं होतं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर.

अर्जाचे कागद पुण्याच्या पेटंट एजंटाकडून आठ दिवस आधीच आले होते. पण मालक म्हणाले, दसरा तोंडावर आहे, मुहूर्तावर सही करू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, वर्कशॉपाची दारं सगळ्यांना उघडी असतात. लेथला हार, ड्रिलला हार, आणि मधोमध टेबलावर रोबोट, हळदकुंकू लावलेला. पन्नासेक माणसं होती. मालकांच्या आत्या पुढं येऊन म्हणाल्या, "रोबूट म्हनं. ह्याला हात न्हाय, पाय न्हाय, ह्यो चालणार कसा?" सगळे हसले.

मालकांच्या मेव्हण्यांबरोबर इंदापूरकडचे एक पाहुणे आले होते. पांढरा शर्ट, कमी बोलणं. ते तात्या. मालकांनी मला सांगितलं, साहेबांना दाखव. मी यंत्रावर बोट ठेवून सुरुवात केली, तर ते म्हणाले, "हात मागं बांध आन सांग."

मला येईना. हे इकडून जातं, ते तिकडून दाबतं, एवढंच तोंडातून निघालं. मागून कुणीतरी म्हणालं, संपतची जीभ लेथमधी अडाकली. मला राग आला. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि सगळ्यांसमोर यंत्र चालवून दाखवलं. लोक वाकून बघायला लागले.

तात्या एक पाऊल मागं सरकले. माझ्याकडं नाही, गर्दीकडं बघत राहिले. मग मालकांना त्यांनी हळूच विचारलं, अर्ज गेला का? मालक अभिमानानं म्हणाले, उद्या मुहूर्तावर सही. तात्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण कारण कळलं नाही.

"झाकण लावून घ्या," एवढंच ते बोलले. पेढा हातात घेऊन, न खाता ते बाहेर पडले. मुंबईच्या साहेबाला बारामतीचा पेढा गोड लागंना, असा टोमणा त्यांच्या पाठीमागं गेलाच.

दसऱ्याला सही झाली. तो तात्पुरता अर्ज होता. पुढं सहा-सात महिन्यांत यंत्रात सुधारणा झाल्या, त्या घालून पुरा अर्ज गेला. कचेरीत अर्ज क्रमानं वाटले जातात. आमचा अर्ज तात्यांच्या टेबलावर आला.

एक तरी अर्ज आपल्या मुलखातला यावा, असं ते सहकाऱ्यांजवळ बोलायचे, हे मला संपादकांकडून नंतर कळलं. बाहेरदेशांतून असल्या यंत्रांचे अर्ज यायचे आणि तात्या त्यांतला शब्द न् शब्द घासून बघायचे. एका अर्जात 'नळी फिरवणे' एवढंच लिहिलं होतं, तर रजा टाकून ते एका इस्पितळात गेले. डॉक्टर अंगठा आणि बोट यांच्यामध्ये नळीला पीळ कसा देतात, हे काचेमागून बघत उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी अर्जदाराला विचारलं, पीळ किती आणि अडलं तर काय, ते लिहा. असा माणूस. आणि बारामतीचा अर्ज हातात आल्यावर त्यांनी त्याच्या फाइलीत काय लिहिलं? हे यंत्र अर्जाच्या आधी, अमुक दिवशी, चारचौघांत झाकण उघडून चालवलेलं मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून मी हा अर्ज तपासू शकत नाही. सही करून फाइल वर पाठवली.

फाइल दुसऱ्या परीक्षकांकडं गेली. तात्यांच्या नोंदीचा हवाला देऊन, खंडेनवमीला कुणी काय पाहिलं, ते प्रतिज्ञापत्रावर कळवा, असं पत्र आम्हांला आलं. जे आधीच सगळ्यांना दाखवलं, त्यावर नवेपणाचा हक्क मागता येत नाही, हे तेव्हा आम्हांला समजलं. एका दिवसाचा फरक होता.

दोन दिवसांनी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. झाकण बंद होतं, आतलं कुणी पाहिलं नाही, असं मी लिहून द्यायचं होतं. झाकण उघडणारा मी, म्हणून माझा शब्द महत्त्वाचा. "चार स्क्रू हायेत संपत," मालक म्हणाले. "चार स्क्रूसाठी दोन वर्षं पाण्यात घालनार का?" ते वाईट माणूस नव्हते. मला लेथ त्यांनीच शिकवला होता.

रविवारी तात्या गावी आल्याचं कळलं आणि मी एस्टी धरून निमगावला गेलो. वाटेत सगळी भाषणं तयार केली होती. तात्या डाळिंबाच्या बागेत फांद्या छाटत होते. मी नमस्कारसुद्धा केला नाही.

"तुमी आमच्या अन्नात माती कालवली," मी म्हणालो. "सांगायचंच हुतं तर त्याच दिवशी का न्हाय सांगितलं?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "सांगून काय झालं असतं? पन्नास मानसांचं बघितलेलं पुसता आलं असतं का तुला?"

"तुमी गप बसला असता तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं हुतं की."

मी पुष्कळ बोललो. गाववाल्याचं भलं बघवत नाही, साहेब झालात म्हणून माणूसपण गेलं, असलंही बोललो. ते ऐकत राहिले. मग घरात जाऊन त्यांनी स्वतः चहा करून आणला. अर्जाबद्दल मी तुझ्याशी बोलू शकत नाही, ती फाइल माझ्याकडं नाही आणि असती तरी बोललो नसतो, असं सांगितलं. मी विचारलं, मग मी लिहू तरी काय?

त्यांनी आपला कप खाली ठेवला.

"मी बघितलं ते मी लिवलं," ते म्हणाले. "तू केलंस ते तू लिही. एक ध्येनात ठेव. त्यो कागद वाचून उद्या कुनीतरी, कुठंतरी तसंच यंत्र करणार, आन त्याची नळी मानसाच्या काळजापतूर जाणार. कागदात खोटं असलं तर ते तितं जाऊन निघतं."

परतीच्या एस्टीत मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, हे इथं कबूल करतो. ते वाचतीलच.

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या कोर्टाच्या आवारात टाइपरायटरवाल्यासमोर स्टुलावर बसलो. मालकांनी लिहून दिलेला मजकूर खिशात होता. टाइपरायटरवाला म्हणाला, सांगा. मी हात पाठीमागं नेले आणि सांगायला लागलो. चार स्क्रू काढले. झाकण उचललं. रूळ, मोटरी, सगळं लोकांनी पाहिलं. मग जे मी कुणाला सांगत नव्हतो, तेही सांगितलं. यंत्र दाखवताना आम्ही नळी प्लास्टिकच्या वाकड्या पाइपात सरकवत होतो. दुसऱ्याच वळणाला ती अडली. रूळ थांबले नाहीत, रेटतच राहिले, आणि नळी दुमडून तिची गाठ झाली. मी घाईनं बटण बंद केलं आणि हसून वेळ मारून नेली होती. पाइपाच्या जागी माणूस असता तर? ते यंत्र त्या दिवशी माणसाला लावण्याच्या लायकीचं नव्हतं. तेही लिही, म्हणालो.

मालकांनी ते वाचलं. एजंटानं बजावलं होतं की खरं असेल तेच पाठवा, त्यामुळं त्यांनी फाडलं नाही. पाकिटात घालून माझ्यासमोर डिंक लावला. मग म्हणाले, "सोमवारपासनं येऊ नगंस."

मी कोइमतूरला आलो. इथं पंपांचे मोठे कारखाने आहेत, लेथवाल्याला काम मिळतं, पण बोलायला माणूस मिळत नाही. तात्यांनी मला शिफारसपत्र दिलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. मी मागितलं होतं. त्यांनी नाही म्हणून कळवलं आणि त्याच पोस्टकार्डावर एक काम धाडलं: तुझ्या कारखान्यातला एक सुटा भाग सहा ओळींत लिहून पाठव, चित्र न काढता. मी रागानंच पाठवला. आठ दिवसांत तो परत आला, तांबड्या शाईनं भरलेला. 'वरचा' म्हणजे कुणाच्या वरचा? 'थोडा सैल' म्हणजे किती? अशी तीन वर्षं पोस्टकार्डं चालू आहेत. फोरमनला बिघाड समजावून सांगणं आता मला जमतं, तेही तमिळमध्ये. हा लेख लिहायला बसलो, ते त्या तांबड्या शाईच्या जोरावर.

निकाल गेल्या वर्षी लागला. अर्जात काय काय नवं आहे, ते एकेक करून मांडलेलं असतं, त्यांना दावे म्हणतात. आमचे सात होते. पहिले सहा गेले. रूळ, मोटर, पीळ, सगळं खंडेनवमीला लोकांनी पाहिलेलं. सातवा राहिला. खंडेनवमीनंतर मला चैन पडेना म्हणून मी एक जोड बसवला होता. नळी पुढं अडली की तो जागच्या जागी घसरतो आणि रूळ रेटायचे थांबतात. तेवढाच भाग त्या दिवशी यंत्रात नव्हता. नव्हता, हे कशावरून? नळीची गाठ झाली यावरून. परीक्षकांनी माझ्या प्रतिज्ञापत्रातली ती ओळ निकालात घेतली होती. झाकण बंद होतं असं लिहिलं असतं, तर पन्नास साक्षीदारांनी मला खोटं पाडलं असतं, आणि गाठीची ओळ नसल्यानं सातवासुद्धा गेला असता.

मालकांचं पत्र आलं. दोनच ओळी: दावा राहिला, तुझं नाव तिसरं आहे. परत ये, असं नव्हतं. मीही गेलो नाही.

तात्यांना मी चार पानं लिहिली. तुमच्यामुळं वाचलो, तुम्हांला हे आधीच दिसलं होतं, वगैरे. माझी चार पानं परत आली, तांबड्या शाईसकट. खाली लिहिलं होतं: 'मला काही दिसलं नव्हतं. सातही जातील असं वाटलं होतं. वाक्यं लांब होतात, तोड.'

ते वाचून मी खोलीतच उठून उभा राहिलो. सगळं जाईल असं वाटत असताना या माणसानं मला खरं लिहायला लावलं होतं, आणि समोर बसून चहा दिला होता.

सत्काराच्या दिवशी मी येऊ शकणार नाही, इथं रजा नाही. तात्यांना शंभर वर्षं आयुष्य लाभो. गुडघे चालते राहोत, म्हणजे बागेत रोज फेरी होईल. बारीक अक्षर विनाचष्म्याचं दिसत राहो. आणि आमच्यासारखी माणसं आपापली अर्धवट गोष्ट घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसली, की त्यांची तांबडी शाई पुढंही अशीच चालत राहो.

संपत खोमणे
कोइमतूर